संगीताचा तास वेळापत्रकात हवा

शाळेत संगीत हा विषय असावा काय, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : “हरकत नाही, पण दहावीला त्याचा उपयोग काय?” माझे माध्यमिक शिक्षण उधन्याला झाले. त्यामुळे या उत्तराने कोणाचे नुकसान होते, हे मी जवळून पाहिले आहे.

सुरतेला लागून असलेला उधना हा यंत्रमागांचा भाग. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची असंख्य मराठी कुटुंबे पोटासाठी तेथे येऊन राहिली. बारा तासांची पाळी करणाऱ्या कामगाराच्या मुलीला गाण्याच्या खासगी क्लासची फी कशी परवडणार? वास्तविक तिच्या घरात गाणे असतेच. आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, श्रावणात कानबाईची गाणी होतात. पण आमच्या शाळेतली पेटी वर्षभर कपाटात असे आणि स्नेहसंमेलनाआधी आठ दिवस बाहेर निघे. निवडलेल्या पाच मुली गात, बाकीच्या आम्ही टाळ्या वाजवीत असू.

उधन्याहून गाडीने दोन-तीन तासांवर बडोदे आहे. तेथे सयाजीराव गायकवाडांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली. १९०१ साली विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. दरबारात आणि घराण्यांत अडकलेले गाणे या मंडळींनी सामान्यांच्या मुलांसाठी वर्गात आणले. आज ते पुन्हा ज्याच्या खिशात फी आहे त्याच्याकडे चालले आहे.

कोणी म्हणतील, खरा गुणी आपली वाट शोधतोच. भीमसेन जोशी नाही का १९३३ साली गदगहून गुरूच्या शोधात घर सोडून निघाले? खरे आहे. पण गाणे शिकायला प्रत्येक मुलाने घर सोडावे काय? शिवाय शाळेने भीमसेन घडवावेत, असे माझे म्हणणे नाही. तानसेन नव्हे, निदान कानसेन तरी घडावेत. दुसरा आक्षेप असा की, परीक्षेने संगीत रुक्ष होईल. कवितेचीही परीक्षा होतेच. म्हणून पाठ्यपुस्तकातून कविता कोणी काढून टाकत नाही.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांत भिंत नको, असे म्हटले आहे. कागदावरची ही भिंत शाळेत पडायची तर आठवड्याला दोन तास, एक शिकलेला शिक्षक आणि प्रगतिपुस्तकात एक रकाना एवढे तरी हवे.

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या बी.एड. करून शाळांत शिकवायला जातील, मराठी शाळांत तसेच कन्नड शाळांतही. त्यांना माझी एकच विनंती आहे. वेळापत्रक आखताना संगीताचा तास गणिताच्या जादा तासाला देऊ नका, आणि त्या तासाला निवडक पाच जणांना नव्हे, सगळ्या वर्गाला गाऊ द्या.