रविवार मिळाला, मैदान कुठे?

१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. तिच्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांचा कित्येक वर्षांचा लढा होता. २००५ साली लोखंडे यांच्यावर टपाल तिकीट निघाले, ते आपल्याच टपाल बांधवांच्या हातांतून देशभर गेले. परंतु सुट्टी मिळाली म्हणजे विसावा मिळालाच असे होत नाही. आठवडाभर राबलेल्या माणसाने एका खोलीच्या बिऱ्हाडातून बाहेर पडून मुलाबाळांसह कुठे बसायचे, त्याच्या मुलांनी कुठे खेळायचे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. तो सोडविणे हे महापालिकेचे काम. मात्र ती ते कसे करते याकडे आम्ही कामगार संघटनांनी आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

मुळात कायदाच पाहा. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात दोन याद्या आहेत. कलम ६१ मध्ये बंधनकारक कर्तव्ये: रस्ते, पूल, गटारे, दिवाबत्ती, साफसफाई. कलम ६३ मध्ये ऐच्छिक कर्तव्ये. बागा, उद्याने आणि खेळाची मैदाने या दुसऱ्या यादीत आहेत. महाराष्ट्रातील इतर महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या कायद्यातही हीच विभागणी आहे. बडोदा-सुरतेकडील आपल्या बांधवांच्या शहरांचा कायदाही त्याच मुळातून आलेला. म्हणजे रस्ता केलाच पाहिजे, मैदान मात्र जमले तर! १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय दिले, त्यांत बागा व मैदाने हा स्वतंत्र विषय आहे. पण तो नगरपालिकांवर सोपवायचा की नाही हे घटनेने राज्यांच्या मर्जीवर ठेवले.

या 'ऐच्छिक' शब्दाची किंमत कोण मोजतो? ज्याच्याकडे क्लबचे सभासदत्व आहे तो नव्हे. माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी, असे केंद्र सरकारची २०१४ ची नगररचना मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मुंबईत ती दोन चौरस मीटरही नाही. विकास आराखड्यात मैदानासाठी जागा राखून ठेवली तरी भागत नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम १२७ असे की, दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या ठरावीक मुदतीतही पालिका हलली नाही तर आरक्षण रद्द होते. पालिकेने नुसता आळस केला तरी मैदान जाते! जी मैदाने आहेत ती खाजगी संस्थांना 'दत्तक' देण्याचे धोरण मुंबईत २०१६ च्या जानेवारीत मंजूर झाले. नागरिकांनी ओरड केली तेव्हा मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. ओरड केली म्हणून, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो.

दुसरी बाजू राबणाऱ्या हातांची. बागेतला माळी, रस्त्यावरचा बिगारी, गटारात उतरणारा सफाई कामगार यांची कायम पदे रिकामी ठेवायची आणि तेच काम ठेकेदाराकडून करून घ्यायचे, ही रीत रेल्वेत आणि टपाल खात्यात आम्ही पुरेपूर ओळखतो. नाव बदलते, काम बारमाही तेच राहते. मुंबईतील कचरा वाहतुकीच्या २,७०० कंत्राटी कामगारांनी ही लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली आणि २०१७ साली कायम नोकरीचा हक्क मिळविला. त्यांचा विजय हा आपलाही विजय आहे.

कोणी म्हणेल, रेल्वे वसाहतीत राहणाऱ्याला महापालिकेशी काय देणेघेणे? वसाहतीतले रस्ते, गटारे व मैदान रेल्वे पाहते, हे खरे. पण नाला कुंपणापाशी थांबत नाही. पावसाळ्यात तो तुंबला की रेल्वे महापालिकेकडे बोट दाखविते, महापालिका रेल्वेकडे, आणि पाणी आपल्या घरात शिरते. घटनेच्या कलम २८५ नुसार केंद्राच्या मालमत्तेवर पालिकेचा कर लागत नाही. त्याऐवजी सेवाशुल्क द्यावे लागते. २००९ साली राजकोट महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे त्याचे दरही ठरले: सर्व सेवा घेतल्यास मालमत्ता कराच्या ७५ टक्के, काही घेतल्यास ५० टक्के. सेवेचे मोल ठरलेले असताना सेवा मागण्यात संकोच कसला? आणि टपाल बांधवांना तर हे सांगायलाच नको. उखडलेला पदपथ, उघडे मॅनहोल आणि बीटवर न सापडणारी सावली यांची ओळख पोस्टमनइतकी कोणाला आहे?

म्हणून आमच्या मागण्या तीन. बागा व मैदाने कायद्याने बंधनकारक कर्तव्यांत घालावीत. बारमाही कामावर कायम कामगार नेमावेत. आणि बागांच्या वेळा पाळीत काम करणाऱ्यांचाही विचार करून ठरवाव्यात. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दुपारी बागेच्या फाटकावर कुलूप दिसू नये.

शाखांनी नुसते ठराव करून थांबू नये. आपल्या भागातील मैदानांच्या आरक्षणांची यादी नगररचना खात्यातून मिळवावी, प्रत्येकाची दहा वर्षे कधी भरतात ते लिहून ठेवावे, आराखडा हरकतींसाठी खुला होताच लेखी हरकत द्यावी, आणि महापालिका कामगारांच्या संघटनेला बरोबर घ्यावे. आपल्या वडीलधाऱ्यांनी रविवार मिळविला. तो घालवायला जागा मिळविणे हे काम आपल्याकडे राहिले आहे.