हिवाळा झाडीपट्टीतला

युरोपातल्या थंड देशांतली बरीच नोकरदार मंडळी हिवाळ्यात लॅपटॉप उचलतात आणि भूमध्य समुद्राकाठच्या एखाद्या खेड्यात भाड्याच्या घरात मुक्काम ठोकतात. काम तेच, पगार तोच, खिडकीबाहेर ऊन. तिथली खेडी ओस पडत चालली आहेत, म्हणून सरकारेही त्यांना बोलावतात. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या अशा मंडळींसाठी तर ग्रीसने २०२१ मध्ये आणि स्पेनने २०२३ मध्ये वेगळा व्हिसा सुरू केला.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांना परक्या पाहुण्यांची एवढी ओढ नाही. पुण्या-हैदराबादेत संगणकावर काम करणारी आपलीच पोरे चार महिने घरी राहावीत, एवढेच त्यांना हवे आहे. हिवाळा हा तर झाडीपट्टीचा खरा मोसम. दिवाळी सरली की गावोगावी मंडईची जत्रा भरते, वडशाच्या मंडळ्यांची नाटके पहाटेपर्यंत रंगतात. बांधीतले धान कापून पुंजणे रचलेले असतात, चुरणे सुरू व्हायचे असते. नेमके तेव्हाच घरात हात कमी पडतात. मुलगा मंडईपुरती रजा काढून येतो आणि धान खळ्यावर असतानाच परत जातो.

२०२० च्या टाळेबंदीत ही मुले घरी होती. पाण्याच्या टाकीवर, टेकडीवर, रेंज मिळेल तिथे बसून त्यांनी नोकऱ्या टिकवल्या. अमेरिकेच्या वेळेची मीटिंग असेल तर रात्र व्हायची. सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडे रात्री गावाबाहेर एकट्याने बसणे म्हणजे जिवाशी खेळ; वाघ तिथे रोजच्या वाटेवरचा आहे. मुलींना तर ती वाट बंदच.

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांतील ७,२८७ गावांत फोर-जी सेवा पोहोचवायला मंजुरी दिली. चांगलेच झाले. पण वीज गेली आणि बॅटरी उतरली की मनोऱ्याचा उपयोग संपतो. चंद्रपूरला लागून २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे. त्याचा धूर आणि राख ज्यांच्या वाट्याला येते, त्यांच्या घरातला दिवा अखंड जळलाच पाहिजे.

आमचे मागणे फार मोठे नाही. गावठाणाच्या आत ग्रामपंचायतीची एक खोली, तिला फायबरची जोडणी, इन्व्हर्टर, चार टेबल-खुर्च्या आणि रात्री उशिरापर्यंत ती उघडी ठेवणारा पगारी माणूस. मोहर्लीच्या रिसॉर्टात सफारीच्या पाहुण्याला वायफाय मिळते, तर शेजारच्या गावातल्या मुलीला आपल्या गावात का मिळू नये? कंपन्यांनीही नोव्हेंबर ते फेब्रुवारी गावाहून काम करायची मुभा द्यावी. या मुलांनी ते एकदा करून दाखवले आहे. सुरुवात आरमोरी आणि सिंदेवाही तालुक्यांतून व्हावी. दोन्हीकडे धान आहे, मंडई आहे आणि बाहेर नोकरीला गेलेली मुले आहेत. येत्या दिवाळीआधी जिल्हा परिषदांनी यासाठी पैसे बाजूला काढावेत.