बेकनमधला खजूर आपल्या पार्टीत चालेल का?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी खजुराला बेकन गुंडाळून स्टार्टर करून दाखवलं. बारा मिनिटांच्या व्हिडिओत कृती बसली, पण धंद्याचं बोलणं बसलं नाही. ते इथं लिहिते. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

विषय निघाला नारायणगावच्या बॅचमध्ये. एक मुलगी म्हणाली, "ताई, इथं सगळे पनीर टिक्का आणि मंचुरियनच देतात. मला काहीतरी वेगळं द्यायचंय. हे बघा." मोबाईलवर बेकन गुंडाळलेले खजूर. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ गोड, एका घासात संपणारे. दिसायला झकास, खरंच. मी मंचरला दुकान चालवते, बेकरीचं सामान आणि छोट्या पार्ट्यांच्या ऑर्डरी, आणि हा पदार्थ मी स्वतः विकून बसलेय. त्यामुळे तिला लगेच 'हो' म्हणवलं नाही आणि 'नाही'ही म्हणवलं नाही.

आधी एक गोष्ट साफ करू. गोडाला खारट लावणं ही काही साहेबाची अक्कल नाही. शाळेच्या फाटकाबाहेर पेरूला तिखट-मीठ लावून कोण खायचं? कलिंगडावर मीठ, अननसावर काळं मीठ, बोरं तर मिठाशिवाय नकोच. चिमूटभर मीठ पडलं की फळातला तुरटपणा-कडवटपणा दबतो आणि गोडी वर येते, एवढंच त्याचं शास्त्र. आणि ज्यांचं लहानपण पुण्या-मुंबईत ऐंशी-नव्वदच्या दशकात गेलं त्यांना आठवत असेल, वाढदिवसाला चीजचा तुकडा, डब्यातला अननस आणि लाल चेरी टूथपिकला ओवून, चंदेरी कागदात गुंडाळलेल्या कोबीवर टोचून ठेवायचे. काटेरी साळिंदर दिसायचं ते. तीही गोड-खारटच. इंग्रज लोक सुकवलेल्या आलुबुखाराला किंवा खजुराला बेकन गुंडाळतात, इटलीत खरबुजावर खारवलेल्या मांसाचा पातळ काप ठेवतात. चव एकच, वर काय गुंडाळायचं ते ज्याच्या त्याच्या गावावर.

आता बेकन म्हणजे काय, हे बॅचमध्ये अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं. डुकराच्या पोटाचं मांस मीठ लावून मुरवायचं, बऱ्याचदा धूर देऊन, आणि त्याच्या पातळ पट्ट्या कापायच्या. आपल्याकडे मिळणाऱ्या पाकिटातलं बेकन बहुतेक कच्चंच असतं, पूर्ण शिजवायलाच लागतं. मंचरला किंवा जुन्नरला ते कुठल्याही दुकानात हात घातला आणि मिळालं असं होत नाही. मी पुण्याहून बर्फाच्या डब्यातून आणायचे.

कृती थोडक्यात. मऊ खजूर घ्या, बी काढा आणि काढलेली बी मोजा. हसू नका, दीडशे खजूर असतील तर दीडशे बिया समोर दिसल्या पाहिजेत, पाहुण्याचा दात गेला तर तुमचा धंदा गेला. पोटात चीजचा तुकडा भरा. अर्धी पट्टी एकदाच गुंडाळा, जोड खाली ठेवा, टूथपिक आरपार घाला. टूथपिक आधी अर्धा तास पाण्यात भिजवलेली हवी, नाहीतर टोकं जळतात. ओव्हन 200 अंशाला, दहा-बारा मिनिटांनी उलटा, परत आठ-दहा मिनिटं. तेल नको, मीठ तर अजिबात नको. ओव्हन नसेल तर गार तव्यावर मांडून मग मंद गॅस लावा. तवा आधी तापवला तर पट्टी बाहेरून करपते आणि चरबी आतच राहते, मग ती चिवट लागते. काढल्यावर पाच मिनिटं थांबा, कारण आतला खजूर जिभेला चटका देतो.

आपल्या भागात सगळ्यांच्या डोक्यात पहिलं फळ येतं द्राक्ष. येणारच, फेब्रुवारी-मार्चमध्ये जुन्नर तालुक्यात काळ्या जंबो द्राक्षाशिवाय दुसरं बोलणंच नसतं. मीही करून बघितलं. द्राक्षात पाणी इतकं की ते आतून फुटतं, पट्टी वाफेवर शिजते आणि लिबलिबीत होते. द्राक्षाला थंडच राहू द्या, खारट चीजबरोबर काडीला ओवा, त्यातच ते शोभतं. अननस चालतो, पण तुकडे फडक्यात दाबून कोरडे केल्यावर. अर्धं पिकलेलं केळं चालतं. पुरंदरचं अंजीर, ज्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते थोडं घट्ट असतानाच घ्यायचं, पूर्ण पिकलेलं हातातच विरघळतं. पण वर्षभर एकसारखा मिळणारा, टिकणारा आणि पाणी न सोडणारा म्हणजे खजूरच.

आता वही काढा. पन्नास पाहुणे, माणशी तीन, म्हणजे दीडशे नग. दर मी उदाहरणापुरते धरतेय, तुमच्या बाजाराचे घाला. बेकनच्या पाऊणशे पट्ट्या, पाकिटात दहा पट्ट्या धरल्या तर आठ पाकिटं, पाकीट 300 रुपये, झाले 2400. दीड किलो खजूर 450. चीज 150. गॅस, टूथपिक, डबे 300. मदतनिसाची मजुरी 300. एकूण 3600, म्हणजे नग 24 रुपयांना पडला. 40 ला विकला तर दीडशे नगांवर 2400 सुटले.

दुसरा पदार्थ मी शिकवते तो पापडातला खजूर. बेकन जे तीन गुण देतं, खारटपणा, कुरकुरीतपणा आणि धुराचा वास, त्यातले पहिले दोन उडदाच्या पापडात आयते आहेत, वर मिरी फुकट. पापड दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्यानं पुसा, मिनिटभर थांबा, तो कापडासारखा वाकतो. कात्रीनं चार पट्ट्या कापा. नागलीचा पापड असा वाकत नाही, तुटतो, त्याच्या नादी लागू नका. पनीर कुस्करून त्यात जिरं, हिरवी मिरची घाला, वाटीत निखारा ठेवून त्यावर तुपाचा थेंब टाका आणि झाकण ठेवून तीन-चार मिनिटं धूर द्या. हे सारण खजुरात भरा, पापडाची पट्टी गुंडाळा, मैद्याच्या खळीनं चिकटवा, मध्यम गरम तेलात अर्धा मिनिट तळा. मन दुसरीकडे गेलं की पापड काळा.

याचा हिशेब असा: पापड 300, खजूर 450, पनीरचं सारण 300, तेल 150, गॅस-डबे 300, मजुरी 300. एकूण 1800, नगाला 12 रुपये. 22 ला विकला तर 1500 सुटले.

बघा, कागदावर बेकन जिंकलं. बीबीएला असताना मी इथंच पेन खाली ठेवलं असतं. बॅचमधल्या त्या मुलीनंही लगेच विचारलं, "मग ताई, तुम्ही बेकन बंद का केलं?"

बंद नाही केलं. पण का आवरलं, ते सांगते.

किल्ल्याच्या बाजूला एका फार्महाऊसवर वाढदिवस होता. यजमान पुण्याचे, त्यांनीच बेकन मागितलं होतं. मी खूश, नगाला 40 चा भाव. बेकनचा ट्रे आणि पनीर टिक्क्याचा ट्रे एकाच टेबलावर लावले, मध्ये वीतभर अंतर. पाट्या लावल्या नाहीत, कारण यजमानांना माहीत होतं. आमच्या मुलानं एकाच चिमट्यानं दोन्हीकडचं वाढलं. यजमानांच्या सासूबाई माळकरी. त्यांच्या ताटात पनीर पडलं होतं, पहिला तुकडा त्यांनी खाल्ला, आणि मग शेजारच्या ताटात त्याच चिमट्यानं काय पडलं ते त्यांनी विचारलं. मुलानं खरं सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. ताट खाली ठेवलं, नळावर जाऊन चूळ भरली आणि माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाल्या, "बाई, एवढं तरी सांगायचं होतंस." संध्याकाळपर्यंत त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. यजमानांनी पैसे पूर्ण दिले, एक रुपया कापला नाही. नंतर त्यांचा फोन कधी आला नाही, आणि त्यांच्या ओळखीतून येणाऱ्या ऑर्डरीही आल्या नाहीत. माझ्या 2400 रुपयांच्या हिशेबात हा खर्च कुठं लिहायचा, सांगा.

माझं मत तिथून बदललं. जुन्नर-आंबेगाव ही कशी वस्ती आहे ते बघा. ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी, लेण्याद्री आणि ओझर ही दोन अष्टविनायकं, घरटी एखादा तरी माळकरी. जुन्नर शहरात मुसलमान घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांना डुक्कर वर्ज्य. मटण आवडीनं खाणारी घरंसुद्धा डुकराचं नाव काढलं की मागे सरकतात. आणि खाणाऱ्यांचेही सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी, वर अख्खा श्रावण. वर्षातले किती दिवस तुमच्या बेकनला गिऱ्हाईक आहे ते कॅलेंडर समोर ठेवून मोजा. उघडलेलं पाकीट थोड्याच दिवसांत संपवावं लागतं आणि पावसाळ्यात वीज गेली की फ्रीजरमधल्या मालाची काळजी वेगळीच.

जुन्नरला परका माल घेऊन येणारे नवे नाहीत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन इथं आला आणि पावसाळाभर इथंच राहिला. इथल्या खानानं घोडा काढून घेतला, धर्म बदल म्हणाला, मग कुणी मध्ये पडलं तेव्हा सुटका झाली. घोडा शेवटी विकला गेला बिदरला. आणि आपल्या देशात नेण्याजोगा माल इथं नाही, आपल्याला खोटं सांगितलं होतं, असं त्यानं लिहून ठेवलं. माल आधी आणला, बाजार नंतर बघितला. बिचाऱ्याकडे मोबाईल नव्हता, आपल्याकडे आहे.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी एकतर्फी बोलले असं होईल. 2018 ला राज्य सरकारनं जुन्नर पर्यटन तालुका जाहीर केला. माळशेजच्या बाजूला, धरणांच्या कडेला राहण्याच्या जागा वाढल्यात. तिथं येणाऱ्या काही ग्रुपना बेकन हवं असतं आणि ते दामही देतात. माझ्याकडे शिकलेला एक जण अशाच जागांना पुरवतो आणि त्याचं बरं चाललंय. पण तो घरगुती समारंभाची ऑर्डर घेतच नाही. त्याचा ट्रे, चिमटा, सुरी, फ्रीजरचा खण सगळं वेगळं, आणि आगाऊ पैसे आल्याशिवाय पाकीट आणत नाही. असं करणार असाल तर खुशाल करा.

करू नका ते हे: "स्मोक्ड चिकन आहे" म्हणून बेकन वाढणं. हे मी कानांनी ऐकलंय. याला मी चूक म्हणत नाही, फसवणूक म्हणते. चिकनच्याही तशा पट्ट्या मिळतात, त्या वापरायच्या तर पाकीट दाखवून वापरा. बंद डब्यात विकत असाल तर शाकाहाराला हिरवा गोल आणि मांसाहाराला तपकिरी त्रिकोण लागतो, आणि अन्न सुरक्षा नोंदणी तर पहिल्या ऑर्डरीच्या आधी. मी घेतली तेव्हा छोट्या धंद्याला वर्षाला 100 रुपये फी होती. शंभर रुपयांसाठी कशाला अंधारात धंदा करायचा?

पापडातल्या खजुराची खोडही सांगते. तो दहा-पंधरा मिनिटांत नरम पडतो. डब्यात भरून पाठवला की संपला विषय. त्यामुळे तो जागेवरच तळायचा, तळणाऱ्या माणसाचे 500 रुपये वेगळे लावायचे आणि ते आधी बोलून घ्यायचे. गिऱ्हाईक कुरकुरतं. मी म्हणते, "काका, पहिला नग खाऊन बघा, मग पैशाचं बोलू." आजवर कुणी कापले नाहीत.

त्या मुलीनं शेवटी ओतूरच्या एका साखरपुड्याला पापडाचेच 200 नग घेतले. तिनं 20 चा भाव सांगितला होता, तळणावळ धरायला विसरली. मी रागावले, मग आम्ही दोघींनी बसून तिच्या वहीत पुढच्या ऑर्डरीचा भाव लिहिला. माझ्या दुकानात आता दोन चिमटे आहेत, एकाच्या मुठीला लाल चिकटपट्टी, दुसऱ्याच्या हिरवी. लालवाला गेले चार महिने खिळ्यालाच लटकलाय.