साइड न देणाऱ्यांचं काय?

ओव्हरटेक करणाऱ्याला सगळेच शिकवतात: उजवीकडून जा, वळणावर नको, चढाच्या माथ्यावर नको. पण आपल्याला कोणी ओव्हरटेक करत असेल तेव्हा कसं वागायचं? तेही नियमात आहे. वेग वाढवायचा नाही, वाट अडवायची नाही. बंगळुरूत मी गाडी शिकले तेव्हा हे कोणी उच्चारलंही नव्हतं.

माहेर कोल्हापूर, त्यामुळे तुमकूर रोड पाठ आहे. नेलमंगला ओलांडलं की उजव्या लेनमध्ये साठच्या वेगाने एखादा ट्रेलर ठाण मांडून असतो. डिपर द्या, हॉर्न द्या, ढिम्म. मग लोक डावीकडून घुसतात आणि शिव्याही तेच खातात. त्याहून चीड आणतात ते कारवाले साहेब. इतका वेळ रमतगमत चाललेले असतात. शेजारून बाई पुढे चाललीय असं दिसलं की लगेच ॲक्सिलरेटर दाबतात.

दुपदरी रस्त्यावर हा मानापमान जिवावर बेततो. साठने चाललेला अठरा मीटरचा ट्रेलर ऐंशीने ओलांडायला, पुढे-मागे अंतर राखून, अकराएक सेकंद लागतात. समोरूनही कोणी ऐंशीने येत असेल तर अर्धा किलोमीटर रस्ता मोकळा हवा. ट्रेलरवाल्याने वेग सत्तरवर नेला की तोच हिशेब एक किलोमीटरवर जातो, आणि तोवर तुम्ही चुकीच्या बाजूला अडकलेले असता. याच महामार्गावरचा हुबळी-धारवाड बायपास कित्येक वर्षं दुपदरी होता. जानेवारी 2021 मध्ये, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, गोव्याला निघालेल्या दावणगेरेच्या मैत्रिणींची टेम्पो ट्रॅव्हलर तिथे टिपरवर समोरासमोर आदळली. दहाहून अधिक जीव गेले. रुंदीकरण त्यानंतर सुरू झालं.

माझे मामा एसटीत चालक होते. मागच्याला जाऊ द्यायचं तर उजवा हात बाहेर काढून मागून पुढे अर्धवर्तुळात हलवायचे. ही खूण नियमांतलीच. आता काचा बंद, एसी चालू. उरला इंडिकेटर, आणि उजवा इंडिकेटर म्हणजे 'जा' की 'मी वळतोय', हे ज्याचं त्याने ठरवायचं!

म्हैसूर एक्स्प्रेसवेवर कॅमेरे वेग टिपतात. 1 ऑगस्ट 2024 पासून कर्नाटकात 130 च्या वर गेलात तर थेट गुन्हा. उत्तम. मग उजवी लेन अडवून बसणाऱ्यालाही त्याच कॅमेऱ्याने दंड लावा. आणि लायसन्सच्या परीक्षेत नुसतं रिव्हर्स घ्यायला लावू नका. ट्रॅकवर दुसरी गाडी आणा, तिला उमेदवाराच्या पुढे जाऊ द्या. त्याने वेग वाढवला तर नापास करा.