घर अनेकांचे, कुलूप एकाचे

जुन्या घराच्या जीर्णोद्धाराविषयी हल्ली आपल्याकडे दोन मते मोठ्या आवेशाने मांडली जातात. एका पक्षाचे म्हणणे असे की, वाडवडिलांच्या वास्तूला नवा खिळासुद्धा लागता कामा नये; दुसऱ्याचे म्हणणे असे की, विहिरीवरच्या पंपापासून देवघरातल्या दिव्यापर्यंत सारे काही हातातल्या फोनच्या हुकमतीत आल्याशिवाय घर राहण्याजोगे होत नाही. पहिल्या पक्षातील बहुतेकांना त्या घरात राहावे लागत नाही. दुसऱ्या पक्षातील बहुतेकांना ते घर आपल्या एकट्याचे नाही याचा विसर पडलेला असतो. पहिल्यांची हौस निरुपद्रवी म्हणून सोडून देता येईल. दुसऱ्यांचा विसर मात्र तितका निरुपद्रवी नाही, आणि त्याविषयीच आज लिहावयाचे आहे.

प्रस्तुत लेखक यंत्रांचा वैरी नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. आषाढातल्या रात्री अंगणात पाऊल टाकताच आपोआप उजळणारा दिवा किती जणांना सापविंचवापासून वाचवीत असेल! टाकी भरताच स्वतः बंद होणारा पंप, अंथरुणावरून न उठता लागणारा पंखा, ही सुखे मीही मनःपूर्वक भोगतो आणि त्याबद्दल मला यत्किंचितही खंत वाटत नाही. सुख हे पाप आहे असे मानणाऱ्यांनी मे महिन्याच्या दुपारी माडीवर एक तास बसून दाखवावे.

आता पाळीसारख्या गावाची स्थिती पाहा. साखळीहून उसगावकडे जाताना लागणारा हा डिचोली तालुक्यातला गाव खाणपट्ट्यातला. खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ येथल्या कौलांवर, वाशांवर आणि तुळशीवृंदावनावर वर्षानुवर्षे बसत आली. 2012 साली खाणी थांबल्या. पुढे काही काळ चालल्या, आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविल्यावर पुन्हा थांबल्या. खाणीवर आणि ट्रकांवर ज्यांचा चरितार्थ होता, त्यांच्यातली कितीतरी कर्ती माणसे पोटामागे बाहेर पडली. चौकाच्या मोठ्या घरात मागे राहिली ती एखादी वृद्ध आई, फार तर सोबतीला एखादी कामवाली. अशा घराचा जीर्णोद्धार मग दुबईहून अथवा पुण्याहून, फोनवर बोलूनच केला जातो.

त्या जीर्णोद्धाराचा क्रम बहुधा उलटा असतो. चिऱ्याच्या भिंतीत ओल मुरते आणि चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट थापले की तीच ओल भिंतीत कोंडून राहते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटू लागतात. कौले चाळलेली नसतात, आढ्याला वाळवी लागलेली असते, विजेच्या तारा जुन्या असतात आणि अर्थिंगचा पत्ता नसतो. पण दारावर मात्र बोटाचा ठसा ओळखणारे कुलूप, सोप्यावर कॅमेरा आणि कोनाड्यात बोलकी डबी यांची प्रतिष्ठापना झालेली असते. गळक्या छपराखाली दिव्याचा रंग बदलण्याची सोय! असो. हा मूर्खपणा घरच्यांच्याच पैशाने होतो आणि पहिल्याच पावसात त्याचा निकाल लागतो. माझी तक्रार त्याहून गंभीर आहे. ती त्या कुलुपाविषयी आहे.

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका कुटुंबाची हकिकत सांगतो. नावे सांगण्याचे कारण नाही. वडील निवर्तलेले, आई घरात, तीन मुलगे, एक मुलगी. थोरल्याने परदेशातून पैसे पाठवून घर नीट केले, दाराला नवे कुलूप बसविले आणि ते आपल्या फोनला जोडले. चवथीच्या आदल्या दिवशी बहीण माटोळीचे सामान घेऊन आली. आई शेजारी गेली होती. बहिणीचे बोट त्या कुलुपाने ओळखले नाही. थोरला भाऊ त्या वेळी, तिकडच्या घड्याळाप्रमाणे, गाढ झोपेत होता. शेजारीण हसून म्हणाली, "बाये, दार कोणें उगडचें?" भावाची झोप पुरी होईपर्यंत बहीण पायरीवर बसून राहिली. नंतर भावाने तिचे नाव कुलुपात घातले खरे; पण कोणत्या वर्गात? त्या यंत्राच्या भाषेत घरातल्या माणसांचे दोन वर्ग असतात, मालक आणि 'गेस्ट'. बहीण 'गेस्ट' झाली, धाकटे भाऊ 'गेस्ट' झाले आणि आईसुद्धा 'गेस्ट' झाली.

वाचकहो, या एका शब्दात आपल्या भूमीच्या दीडशे वर्षांच्या कायद्याचा किती सहज निकाल लावला गेला, ते लक्षात घ्या. 1867चा पोर्तुगीज नागरी कायदा येथे 1870 साली लागू झाला. 1880 साली येथील हिंदूंच्या रूढी आणि आचार यांसाठी स्वतंत्र फर्मान निघाले. वारसा आणि वाटणी यांविषयी 2012चा जो गोव्याचा कायदा 2016 पासून अमलात आहे, तोही त्याच परंपरेतला आहे. या परंपरेत विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मिळकत सामाईक होते आणि तिचा अर्धा वाटा पत्नीचा असतो. तो तिला पतीच्या मृत्यूनंतर वारसा म्हणून मिळत नाही. तो आधीपासूनच तिचा असतो. उरलेल्या अर्ध्याचे वारस मुलगे आणि मुली सारख्याच प्रमाणात. आणि बापाने मृत्युपत्र केले, तरी आपल्या मिळकतीचा अर्धा भाग त्याला मुलांपासून हिरावून घेता येत नाही. देशात इतरत्र मुलींना समान वाटा मिळावा म्हणून 2005 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करावी लागली. आपल्याकडे ते तत्त्व त्याच्या कितीतरी आधीचे. गोव्यात घर विकावयाचे झाले की सुना आणि जावई यांच्यासुद्धा सह्या गोळा करताना वकिलांच्या नाकी नऊ येतात, ते याच कारणाने! त्या सह्यांचा मला व्यावसायिक कंटाळा आहे. पण त्या प्रत्येक सहीमागे एक हक्क उभा आहे, हे मी विसरू शकत नाही.

अशा रीतीने अर्ध्या घराची धनीण असलेली आई आणि आठव्या हिश्श्याची मालकीण असलेली मुलगी ही दोघे, एका परक्या कंपनीने ठरविलेल्या दोन रकान्यांच्या तक्त्यात, पाहुणी ठरली. थोरल्याचा वाटा बहिणीइतकाच, आठवा. परंतु खाते त्याच्या नावावर, आणि खाते एकाच नावावर काढण्याची यंत्राला सवय. भावाच्या मनात कपट नव्हते, हे मी मान्य करतो. कपट असते तर प्रकरण सोपे झाले असते. वाईट हेतूवाचून, कागदाचा एक चिटोराही न लिहिता, केवळ सोयीच्या मार्गाने एका वारसाकडे घराचा ताबा सरकत जातो, हे अधिक भयंकर आहे. उद्या हेच भांडण वाटणीच्या दाव्यापर्यंत गेले, तर दार कोणी कधी उघडले याची त्या कुलुपातली नोंद पुरावा म्हणून पुढे येईल, आणि दहा वर्षे 'गेस्ट' म्हणून आलेल्या बहिणीला आपण पाहुणी नव्हतो हे सिद्ध करीत बसावे लागेल.

कॅमेऱ्याची गोष्टही निराळी नाही. वाटेवर रोखलेल्या कॅमेऱ्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. चोर सर्वांचाच शत्रू. पण राजांगणात, जेथे घरच्या बायका केस वाळवितात, सोवळे नेसतात, दुपारी पदर सैल करून दोन घटका आडव्या होतात, तेथे आईवर लक्ष राहावे म्हणून डोळा बसविला जातो, आणि तो डोळा कोणाकोणाच्या फोनवर उघडतो हे त्या आईला ठाऊक नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, हे खरे. परंतु 2023च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. म्हणजे मुलाने आईवर लावलेल्या कॅमेऱ्यापाशी त्या कायद्याचा हात पोचत नाही. तेथे घरातल्यांनीच नियम केला पाहिजे. आणि ती चित्रे केवळ मुलगाच पाहतो, हीही समजूतच! 'रिंग' या कॅमेऱ्याच्या कंपनीच्या नोकरांनी ग्राहकांच्या घरांतली खाजगी चित्रे पाहिल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023 साली ठेवला, आणि 58 लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटविण्यात आले.

यावर हटकून एक आक्षेप येतो: "पैसे त्याने घातले, मग कुलूप त्याचे का नसावे?" आक्षेप वरकरणी बिनतोड दिसतो, पण कायद्याने त्याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. सहमालकाने सामाईक घरावर खर्च केला, म्हणून त्याचा हिस्सा वाढत नाही. आवश्यक खर्च झाला असेल, तर हिशेबात तो इतरांकडून आपापल्या हिश्श्याप्रमाणे मागता येतो. पोर्तुगीज कायद्याच्या परंपरेत सुधारणांचे तीन वर्ग मानले आहेत: आवश्यक, उपयुक्त आणि केवळ सुखार्थ. पडू घातलेले आढे सावरणे हे पहिल्या वर्गात. विहिरीवरचा पंप मी आनंदाने दुसऱ्यात घालीन. कोनाड्यातली बोलकी डबी कोणत्या वर्गात बसते, ते वाचकांनीच ठरवावे.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा. म्हणे, किल्ली हरवते, फोन हरवत नाही. फोनचे सोडा, कंपन्याच हरवतात! 'रिव्हॉल्व्ह' नावाचे घरातली यंत्रे चालविणारे साधन ज्यांनी पदरचे 300 डॉलर मोजून घेतले, त्यांचे ते साधन कंपनी दुसऱ्याने विकत घेतल्यानंतर मे 2016 मध्ये दुरूनच निकामी करण्यात आले. ज्या दाराची फळी पणजोबांनी बसविली आणि जी अजून किडलेली नाही, त्या दाराचे उघडणे-मिटणे अशांच्या मर्जीवर सोपवावयाचे काय?

आपण देवस्थानांत वावरणारी माणसे आहोत. 1933च्या देवस्थान नियमावलीप्रमाणे महाजनांची नोंद होते, समिती निवडली जाते, खजिनदार आणि मुखत्यार वेगवेगळे असतात, आणि हिशेब महाजनांपुढे ठेवावा लागतो. देवाच्या तिजोरीची किल्ली एकाच महाजनाने आपल्या खिशात घालून परदेशी जावे, असे कोणी सुचविले तर सभेत काय गोंधळ माजेल, याची कल्पना करा. पाचशे रुपयांच्या पावतीवरून तावातावाने भांडणारा तोच महाजन घरी मात्र आपल्या आईचे दार आपल्या फोनमध्ये घेऊन फिरतो.

म्हणून, जुने घर नीट करू पाहणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. छपराला हात लावण्यापूर्वी वारसांचा निवाडा करून घ्या. कागद अडलेले असतील, तर इन्व्हेंटरीचा अर्ज करा. सुतार त्यानंतर बोलवा. मग खुशाल हवी ती यंत्रे आणा. मात्र कुलुपाला लोखंडी किल्लीही असली पाहिजे, आणि ती जो घरात राहतो त्याच्या कनवटीला असली पाहिजे. यंत्रात प्रत्येक सहमालकाचे नाव मालक म्हणूनच घातले पाहिजे. तशी सोय नसलेले यंत्र दुकानातच राहू द्यावे. खात्याचा परवलीचा शब्द लिहून तो घराच्या दस्तऐवजांबरोबर ठेवावा. चौकातला कॅमेरा आईला विचारून लावावा, आणि ती नको म्हणाली तर तो काढावा.

वर सांगितलेल्या कुटुंबातल्या थोरल्याला मी हे पत्राने कळविले. त्याने यंत्रात बहिणीचे आणि भावांचे नाव मालक म्हणून घातले. त्याला दहा मिनिटे लागली. आईचे नाव घालावयाचे राहिले आहे, कारण तिच्याकडे तसला फोन नाही. तिला जुन्या कुलुपाची किल्ली परत हवी आहे आणि ते कुलूप माळ्यावर कोठेतरी पडले आहे.