वाचायला एडिटर कशाला लागतो?

मंडळी, या शनिवारी जरा भांडण काढायचंय. विषय अगदी किरकोळ आहे: सर्व्हरवरची लॉग फाईल बघायची कशी?

आपल्याकडे याची तीन उत्तरं चालतात. पहिलं, 'कॅट' मारायचा आणि पन्नास हजार ओळी डोळ्यांसमोरून धबधब्यासारख्या पळताना बघायच्या. दुसरं, फाईल 'व्हीआय'मध्ये उघडायची. तिसरं, ती आपल्या लॅपटॉपवर ओढून नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडायची आणि चहाला निघून जायचं. फ्रेशर हे करतात, ते समजू शकतो. पण पंधरा वर्षं 'लिनक्सवर काम' केलेले आर्किटेक्टसुद्धा हेच करतात! आणि 'लेस' बिचारा त्याच मशीनवर बसलेला असतो.

थोडा इतिहास. जुन्या टर्मिनलवर स्क्रीनच्या वरून गेलेली ओळ म्हणजे गेलेलीच. म्हणून १९७८ साली बर्कलीत डॅनियल हॅल्बर्ट या विद्यार्थ्याने 'मोअर' लिहिला. एक पान दाखवायचं, थांबायचं, स्पेसबार दाबला की पुढचं. पण मागे जायची बोंब होती. ती सोय हवी म्हणून मार्क न्यूडलमनने १९८३ ते १९८५च्या दरम्यान 'लेस' लिहिला. नाव अर्थातच 'लेस इज मोअर'वरचा विनोद. लिनक्सवर 'मॅन' किंवा 'गिट लॉग' चालवलात की पानं उलटून दाखवणारा सहसा हाच असतो. म्हणजे तुम्ही रोज लेस वापरता, फक्त स्वतःहून कधी बोलावत नाही.

आता भांडणाकडे. वाचणं आणि लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. पोथी वाचायला बसणारा हातात शाईचं पेन उघडं धरून बसत नाही. व्हीआयमध्ये प्रॉडक्शनची फाईल उघडणं म्हणजे नेमकं तेच. बोटांना ':डब्ल्यूक्यू'ची इतकी सवय असते की काही बदललेलं नसतानाही तेच टाइप होतं. आणि ही कमांड बदल नसला तरी फाईल पुन्हा लिहिते. ॲप्लिकेशन तोवर त्या फाईलमध्ये भर घालत असेल, तर तुम्ही उघडल्यानंतर आलेल्या ओळी तुमच्या जुन्या प्रतीखाली गाडल्या जातात. हो, व्हिम विचारतो की फाईल बदललीय, खरंच लिहू का. पण रात्री अडीच वाजता, कॉलवर आठ जण असताना, न वाचता 'वाय' दाबणारे हात मी पाहिलेत. ज्या पुराव्यासाठी आलो, तोच आपल्या हाताने पुसून निघालो!

'मग व्ह्यू वापरू की, तो रीड-ओन्ली असतो.' असतो, पण उद्गारचिन्ह लावलं की तिथूनही लिहिता येतं. शिवाय आकाराचा प्रश्न उरतोच. सहा जीबीची फाईल एडिटरमध्ये उघडायची म्हणजे ती आधी पूर्ण वाचणं आलं. आधीच धाप लागलेल्या सर्व्हरच्या मेमरीवर तुम्ही आणखी एक पोतं टाकता. लेसला सुरू व्हायला अख्खी फाईल वाचावी लागत नाही. पहिलं पान लगेच समोर येतं. कॅपिटल जी दाबा, शेवटाला पोचाल. ओळींचे क्रमांक मोजत तो रेंगाळला, तर कंट्रोल-सी दाबून गप्प करा.

लॅपटॉपवर फाईल ओढणाऱ्यांना एकच प्रश्न. त्या लॉगमध्ये ग्राहकांचे मोबाईल नंबर असतात, ते आता तुमच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये किती महिने पडून राहणार? हल्ली तर लोक त्याच्या पुढे जाऊन अख्खा लॉग चॅटबॉटला चिकटवतात. धन्य आहे.

आणि हो, आधी कॅट, मग पाईप, मग लेस, असं लिहिणारे वेगळेच. फाईलचं नाव थेट लेसला द्या ना! पाईपमधून आलेला मजकूर त्याला मेमरीत साठवत बसावं लागतं, आणि आपण किती टक्के पुढे आलो हेही शेवट गाठेपर्यंत कळत नाही.

पण खरा राग या सगळ्याचा नाहीच. राग आहे तो न वाचण्याचा. आपण लॉग वाचत नाही, त्यात फक्त शोधतो. 'ग्रेप एरर' मारायचा, शेवटच्या वीस ओळी बघायच्या, त्या चॅटवर टाकायच्या आणि सर्व्हर रीस्टार्ट करायचा. शितावरून भाताची परीक्षा! भाताचं ठीक आहे, तिथे सगळी शितं एकाच पातेल्यात शिजलेली असतात. लॉगमधल्या शेवटच्या वीस ओळी म्हणजे बहुतेक वेळा परिणाम असतो. कारण कुठेतरी वर, शांतपणे, बसलेलं असतं.

एका क्लायंटकडे डेटाबेसला कनेक्शन मिळत नसल्याचे हजारो एरर येत होते. ग्रेपचं आउटपुट चार टीम्समध्ये फिरलं आणि प्रत्येकीने नेटवर्कवाल्यांकडे बोट दाखवलं. शेवटी एका मुलीने फाईल लेसमध्ये उघडली, पहिल्या एररवर गेली आणि तिथून मागे पानं उलटत बसली. चाळीस मिनिटं आधीची एक ओळ सापडली: एक जॉब कनेक्शन्स घेत होता आणि परत करत नव्हता. त्या ओळीवर 'एरर' असं लिहिलेलंच नव्हतं, 'वॉर्निंग' होतं. ग्रेपला ती जन्मात दिसली नसती.

पद्धत तीच आहे, आणि बोटं मोजून सहा किजांची आहे. स्मॉल जी दाबून सुरुवातीला या. स्लॅश देऊन 'एरर' शोधा, म्हणजे पहिला एरर सापडेल. तिथून 'बी' दाबत दोन-चार पानं मागे जा आणि वाचा. 'एन'ने पुढचा, कॅपिटल एनने मागचा. '&' देऊन शब्द टाकला की फक्त त्या ओळी उरतात; नुसतं '&' आणि एंटर दिलं की सगळ्या परत. हाच तुमचा ग्रेप, पण संदर्भ न गमावणारा. स्टॅक ट्रेसच्या लांबलचक ओळी गुंडाळून येत असतील तर डॅश आणि कॅपिटल एस टाइप करा, त्या सरळ होतात.

'टेल -एफ'वाल्यांची तक्रार ऐकू येतेय. लेसमध्ये कॅपिटल एफ दाबा, फाईल वाढेल तशी दिसत राहते. काही संशयास्पद दिसलं की कंट्रोल-सी, मागे जा, शोधा, वाचा, पुन्हा एफ. टेलमध्ये हे करून दाखवा.

'आमच्याकडे किबाना आहे' असं म्हणणाऱ्यांशी माझं अर्धं भांडण आहे. पन्नास सर्व्हरचे लॉग एकत्र बघायला डॅशबोर्ड लागतोच, मान्य. पण ज्या दिवशी लॉग गोळा करणारा एजंटच झोपतो, त्या दिवशी काय? लेसलाही मर्यादा आहेत. छोट्या कंटेनर इमेजमध्ये तो बरेचदा नसतो (मग मोअरवर भागवा). त्यातून शेलही उघडता येतो, त्यामुळे 'सुडो लेस'ची परवानगी सरसकट वाटू नका. आणि लोकेल यूटीएफ-८ नसेल तर आपल्या मराठीतला एक 'म' तीन बाइट्सचे चमत्कारिक कोड होऊन समोर येतो. पण लोकेल नीट केला की तेही मिटतं.

इंटरव्ह्यूला आलेल्या पोरांना आपण लिंक्ड लिस्ट उलटी करायला लावतो. त्याऐवजी त्यांना एक मोठा लॉग द्यावा, सोबत फक्त लेस, आणि विचारावं, 'इथे काय घडलं ते क्रमाने सांग.' कोड लिहिणारे पुष्कळ मिळतात. दुसऱ्याने लिहिलेलं शांतपणे, पान उलटत वाचणारा माणूस मिळत नाही, आणि अडीच वाजता गरज त्याचीच पडते.

असो. सोमवारी पहिला लॉग उघडाल तेव्हा बघा, हात कुठे जातो ते. आणि हो, बाहेर पडायला फक्त 'क्यू'. ':डब्ल्यूक्यू' नाही.