कोंड्याचा भाव

अडचणीच्या दिवसांत नेटाने संसार चालवणाऱ्या गृहिणीने 'कोंड्याचा मांडा केला' असे मराठीत कौतुकाने म्हटले जाते. कोंडा म्हणजे गरिबाघरचे उरलेसुरले, हे त्यात गृहीत असते. घरात चार पैसे आले तसा हा कोंडा चाळणीत राहू लागला, तांदूळ पांढराशुभ्र झाला, डाळींवरची साले गेली. आता तोच कोंडा 'हाय फायबर' अशा ठळक अक्षरांत बिस्किटांच्या पुड्यांवर आणि पावाच्या पाकिटांवर परतला आहे, तोही चढ्या भावाने. ग्राहकाला यातून नेमके काय मिळते, हे तपासायला हवे.

धान्ये, कडधान्ये, भाज्या आणि फळे यांतील जो भाग लहान आतड्यात पचत नाही, तो म्हणजे तंतुमय पदार्थ, बोलीभाषेतला चोथा. पचत नाही म्हणून तो निरुपयोगी, असा समज दीर्घकाळ होता. युगांडात अनेक वर्षे शस्त्रक्रिया केलेले डॉक्टर डेनिस बर्किट यांनी १९७०च्या दशकात या समजाला धक्का दिला. पाश्चात्त्य देशांत सर्रास दिसणारे आतड्यांचे विकार आफ्रिकेच्या ग्रामीण भागात विरळा आहेत आणि त्याचा संबंध आहारातील चोथ्याशी असावा, असे त्यांनी मांडले. त्यांच्या मांडणीतील प्रत्येक तपशील टिकला नाही. मूळ दिशा मात्र टिकली. मोठ्या आतड्यातील जिवाणू यांतील काही तंतूंवर जगतात आणि त्यातून आतड्याच्या पेशींना पोसणारी आम्ले तयार करतात. ओट्स आणि सातू यांतील विद्राव्य तंतू कोलेस्टेरॉल कमी करण्यास मदत करतात. गव्हाचा कोंडा शौचाला साफ होण्यास मदत करतो.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेला आणि २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा महत्त्वाचा आहे. १८५ निरीक्षणात्मक अभ्यास आणि ५८ वैद्यकीय चाचण्या त्यात तपासल्या गेल्या. भरपूर तंतू खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, टाइप २ मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले. प्रौढांनी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू खावेत, अशी संघटनेची २०२३ मधील शिफारस आहे, आणि हे तंतू अन्नात निसर्गतः असलेले हवेत, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. ज्या देशात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेल्याचा अंदाज आहे, तिथे ही शिफारस गांभीर्याने घ्यायला हवी.

आता पुड्याचा हिशेब. आपल्या नियमांनुसार १०० ग्रॅममध्ये ६ ग्रॅम तंतू असले, की घन पदार्थावर 'हाय फायबर' असे छापता येते. पण १०० ग्रॅम बिस्किटे एका बैठकीत कोणी खात नाही. चहासोबतच्या दोन बिस्किटांतून, म्हणजे १५-२० ग्रॅममधून, जेमतेम एक ग्रॅम तंतू पोटात जातो. सोबत साखर आणि मेद जातात, ते वेगळेच. उलट १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, बाजरीत साडेअकरा ग्रॅम तंतू असतात; मैद्यात मात्र तीनपेक्षाही कमी. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी सहा ग्रॅम तंतू देते. दोन भाकरी, सालीसकट मुगाची वाटीभर उसळ आणि एक पेरू एवढ्यात दिवसाचे २५ ग्रॅम जवळपास भरतात. या कशावरही 'हाय फायबर' असा शिक्का नसतो.

काही कंपन्या इन्युलिनसारखे वेगळे काढलेले तंतू पदार्थात मिसळतात. ते घातक नाहीत आणि काहींचे मर्यादित फायदेही सिद्ध झाले आहेत. पण वर सांगितलेला दीर्घकालीन पुरावा मुख्यतः अख्खी धान्ये, डाळी, भाज्या आणि फळे खाणाऱ्यांचा आहे. मैदा आणि साखरेत चमचाभर तंतू घालून त्या पुराव्याचे श्रेय घेणे ही दिशाभूल ठरते.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. साखर, मेद आणि सोडियमचे आकडे पुड्यावर छापणे बंधनकारक आहे. तंतूंचा आकडा मात्र त्यांविषयी दावा केला तरच द्यावा लागतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तो सर्वांना सक्तीचा करावा आणि एका वेळी खाल्ल्या जाणाऱ्या प्रमाणात ठळकपणे द्यायला लावावा. मैद्याच्या पावाचे खरे रूप त्यातून उघड होईल. दुसरे, २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून गाजावाजाने साजरे झाले, तरी रेशनवर प्रामुख्याने गहू-तांदूळच मिळतो. ज्वारी-बाजरी तिथे आणि शाळेच्या पोषण आहारात नियमित पोहोचली, तर तिचा लाभ ज्यांना हवा त्यांना मिळेल.

तोवर ग्राहकाने पुडा उलटून घटकांची यादी पाहावी. सर्वांत जास्त वापरलेला घटक तीत पहिला असतो. तिथे मैदा असेल तर समोरच्या 'मल्टिग्रेन'ला फारसा अर्थ उरत नाही. तंतूंचे प्रमाण एकदम न वाढवता हळूहळू वाढवावे, अन्यथा पोट फुगते. पाणीही भरपूर प्यावे. आतड्याचा आजार किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी सुरुवात म्हणून घरच्या पिठाची चाळणी तेवढी बाजूला ठेवावी.